घोडेस्वारी संस्थेची मेंबरशिप घ्यावी का? पैसे भरण्याआधी हा हिशोब करा



जव्हारला शनिवार-रविवारी मुंबई-नाशिकच्या गाड्या वाढल्यापासून माझ्या ट्रेनिंग बॅचमध्ये दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "सर, सनसेट पॉइंटला किंवा सूर्यमाळला पर्यटकांसाठी घोडा ठेवला तर धंदा होईल का?" आणि दुसरा, "घोडेस्वारीच्या एखाद्या संस्थेची मेंबरशिप घेतली तर फायदा होतो का? सर्टिफिकेट मिळतं म्हणे."

व्हिडिओत या विषयावर थोडक्यात बोललो होतो. आकडे आणि नियम मात्र लिहून ठेवलेले बरे, म्हणून हा लेख.

उत्तर आधीच सांगतो. जी गोष्ट तुम्हाला एकट्याला मिळत नाही किंवा एकट्याला फार महाग पडते, ती संस्था देत असेल तर मेंबरशिप घ्या. नुसतं नाव, कार्ड आणि भिंतीवर लावायला फ्रेम मिळत असेल तर ते पैसे घोड्याच्या चंदीला वापरा. आपल्या भागातल्या बहुतेकांना मोठ्या संस्थेपेक्षा पाच-सहा जणांचा स्वतःचा गट जास्त उपयोगी पडेल. का, ते आता बघू.

१. "संस्था" म्हणजे नेमकी कोणती?

घोड्याशी संबंधित संस्था चार प्रकारच्या असतात. लोक चारही एकाच पिशवीत टाकतात आणि तिथेच घोळ होतो.

पहिली, क्रीडा संघटना. भारतीय घोडेस्वारी महासंघ १९६७ पासून आहे. तो आंतरराष्ट्रीय महासंघाशी जोडलेला आहे आणि त्या आंतरराष्ट्रीय महासंघाची स्थापना १९२१ ची, मुख्यालय स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात. शो जंपिंग, ड्रेसाज, इव्हेंटिंग, एन्ड्युरन्स असे हे खेळ. राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरायचं तर महासंघाकडची नोंदणी टाळता येत नाही. २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीत ४१ वर्षांनी आलेलं ते सुवर्ण होतं आणि त्या चौघांच्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. अशा खेळाडूसाठी नोंदणी म्हणजे मैदानाचं दार. स्पर्धा खेळायची नसेल तर त्या दाराशी तुमचं काम नाही.

दुसरी, रायडिंग क्लब. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सच्या आवारात १९४२ पासूनचा ॲमॅच्युअर रायडर्स क्लब आहे. क्लबमध्ये फीच्या बदल्यात घोडा, मैदान आणि शिकवणारा माणूस मिळतो. स्वतःचा घोडा न घेता शिकायचं असेल तर हा सौदा चांगला. पण जव्हारहून महालक्ष्मी दीडशेच्या आसपास किलोमीटर आहे. आठवड्यातून तीनदा कोण जाणार? जिमची वर्षाची फी भरून जानेवारीतच जाणं बंद करणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत.

तिसरी, जातिवंत घोड्यांच्या सोसायट्या. मारवाडी, काठियावाडी अशा जातींची नोंद ठेवणं, वंशावळ सांभाळणं, घोड्याला ओळखपत्र देणं हे त्यांचं काम. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत किंवा अकलूजच्या बाजारात जातिवंत घोडा घ्यायचा-विकायचा असेल, तर कागद असलेल्या घोड्याचा भाव वेगळा असतो. म्हणजे पैदास करणाऱ्याला ही मेंबरशिप कामाची. पर्यटकाच्या पोराला दहा मिनिटं फिरवून आणणाऱ्या तट्टूची वंशावळ मात्र कुणी विचारत नाही.

चौथी, घोडेवाल्यांची स्थानिक संघटना. धंदा करणाऱ्यासाठी हीच सगळ्यात महत्त्वाची. हिच्याबद्दल माथेरान आपल्याला बरंच शिकवतं.

२. चांगली मेंबरशिप काय देते?

माथेरानला जाण्याआधी परदेशातलं एक उदाहरण घेऊ. ब्रिटिश हॉर्स सोसायटी १९४७ पासूनची. तिकडे हौशी सवारसुद्धा वर्षाची फी भरतात. कार्डासाठी भरतात का? मुख्य कारण असतं इन्शुरन्स. त्यांच्या वरच्या दर्जाच्या मेंबरशिपमध्ये सवाराला त्रयस्थ जबाबदारीचा विमा मिळतो. तुमचा घोडा उधळला, त्याने कुणाला लाथ मारली, कुणाची गाडी फोडली, तर भरपाईचा दावा विमा कंपनीकडे जातो. हाच विमा प्रत्येकाने वेगवेगळा काढला तर महाग पडतो. हजारो मेंबर एकत्र असल्यामुळे तो स्वस्तात बसतो.

यातून आपल्याला एक चाचणी मिळते: संस्था माझ्यासाठी घाऊक खरेदी करते का? विमा असो, डॉक्टर असो, चारा असो किंवा सरकारदरबारी आवाज असो. आम्ही दुकानदार होलसेलमध्ये माल का उचलतो? तेच गणित इथे आहे.

३. माथेरान: संघटनेची ताकद आणि जबाबदारी

माथेरानमध्ये मोटारगाड्यांना बंदी आहे. २००३ मध्ये तो भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडायची आणि पुढे पायी, मिनी ट्रेनने किंवा घोड्यावर. साडेचारशेच्या आसपास परवानाधारक घोडे तिथे आहेत आणि त्यांच्यावर कितीतरी घरं चालतात.

तिथे ई-रिक्षांचा पथदर्शी प्रकल्प आला आणि विषय सुप्रीम कोर्टात गेला, तेव्हा घोडेवाल्यांच्या संघटनांनी कोर्टात आपली बाजू मांडली. आता विचार करा, एका घोड्याच्या मालकाला दिल्लीत वकील लावणं परवडलं असतं का? मागणी बरोबर की चूक हा वेगळा वाद. एकट्याचं म्हणणं कोर्टापर्यंत पोचलंच नसतं, संघटनेचं पोचलं. मेंबरशिपचा हा फायदा रुपयांत मोजता येत नाही, पण तो खरा आहे.

याची दुसरी बाजूही बघा. मार्च २०२५ मध्ये माथेरानमध्ये बंद पुकारला गेला. कारण काय? नाक्यावर पर्यटकांची दिशाभूल होते, चुकीची माहिती देऊन जास्त पैसे घेतले जातात, आणि त्यामुळे अख्ख्या गावाचं नाव खराब होतं, अशी स्थानिकांचीच तक्रार होती. चार जण चुकीचं वागले तरी पर्यटक "माथेरानला फसवतात" असंच सांगतो. त्यात नियमाने धंदा करणाराही भरडला जातो.

म्हणून कुठल्याही संघटनेला हा प्रश्न विचारा: "तुमच्या मेंबरने कस्टमरला फसवलं तर तुम्ही काय करता?" उत्तर नसेल तर ती नुसती खोगीरभरती आहे. दरपत्रक लावणं, नंबर ठरवणं, नियम मोडणाऱ्याला चार दिवस बसवून ठेवणं हे जी संघटना करते, तिची मेंबरशिप तुमच्या धंद्याला वजन देते.

४. आता वही-पेन घ्या

खालचे आकडे गणित समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावचे दर टाकून परत मांडा.

समजा तुमच्याकडे एक घोडा आहे. जव्हारला गर्दी मुख्यतः शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांना. जोराच्या पावसात धबधबे बघायला लोक येतात, पण निसरड्या उतारावर घोड्यावर गिऱ्हाईक बसवणं धोक्याचं. म्हणून वर्षाला धंद्याचे ९० दिवस धरू. दिवसाला ६ फेऱ्या, फेरीला १५० रुपये.

९० × ६ × १५० = ८१,००० रुपये.

आता खर्च. चंदी आणि चारा दिवसाला २०० रुपये. किती दिवस? इथेच बरेच जण ९० ने गुणतात. घोडा सोमवारीही खातो! ३६५ ने गुणा.

३६५ × २०० = ७३,००० रुपये.

उरले ८,०००. यातून नाल, औषधं, खोगीर-लगामाची दुरुस्ती, विमा आणि तुमची मजुरी. आता या ८,००० मधून कुणी ५,००० रुपये वार्षिक मेंबरशिप मागत असेल, तर त्याने तुमच्या शिल्लकीतला अर्ध्याहून मोठा तुकडा मागितलाय. ऐकताना ५,००० किरकोळ वाटतात. शिल्लकीशी तुलना केली की कळतं.

पुढे बघा. घोड्याची नाल साधारण दीड-दोन महिन्यांनी बदलावी लागते. नालबंद बाहेरून बोलवावा लागला आणि त्याच्या येण्या-जाण्याचे १,२०० रुपये धरले, तर वर्षाला ८ खेपांचे ९,६०० झाले. म्हणजे एकटा माणूस इथेच १,६०० रुपये तोट्यात.

आता सहा घोडेवाले एकत्र आले असं समजा. नालबंद एकाच दिवशी सहाही घोडे करतो. खेपेचा खर्च प्रत्येकी १,६०० वर येतो, म्हणजे ८,००० वाचले. चंदी पोत्याने एकत्र आणली, दिवसाला १५ रुपये वाचले, वर्षाचे ५,४७५. गटाची वर्गणी महिना २०० धरली तर वर्षाला २,४०० गेले.

८,००० + ५,४७५ − २,४०० = ११,०७५ रुपये फायदा.

जो एकटा १,६०० च्या तोट्यात होता, तो गटात ९,४७५ रुपयांनी वर आला. घोडा तोच, गिऱ्हाईक तेच. फी देऊनही पैसे वाचतात, त्या मेंबरशिपला मी फायद्याची म्हणतो.

आणि या हिशोबाने आणखी एक गोष्ट दाखवली. नुसत्या सनसेट पॉइंटच्या फेऱ्यांवर घोडा कसाबसा पोसला जातो, घर चालत नाही. लग्नाच्या वराती, होमस्टेवाल्यांशी ठरवून घेतलेल्या सकाळच्या फेऱ्या, शिर्पामाळसारख्या ठिकाणी इतिहास सांगत नेणारी सफर असं दुसरं उत्पन्न जोडावंच लागेल. शिवाजी महाराज सुरतेला जाताना शिर्पामाळला थांबले होते, ही गोष्ट घोड्यावर बसून ऐकायला कुणाला आवडणार नाही?

५. विमा: दोन वेगळ्या गोष्टी

"आमच्याकडे इन्शुरन्स आहे" असं संस्था सांगते, तेव्हा विचारा, कशाचा?

घोडा मेला तर मिळणारा विमा वेगळा. तो जनावर विमा. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या फेब्रुवारी २०२४ च्या बदलांनुसार पशुधन विम्यात लाभार्थ्याचा हिस्सा हप्त्याच्या १५ टक्के ठेवलाय, बाकीचा केंद्र आणि राज्य मिळून भरतात. हा विमा कुठल्याही घोडेस्वारी संस्थेची मेंबरशिप न घेता मागता येतो. पशुसंवर्धन विभागाच्या तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन चौकशी करा.

गिऱ्हाईक पडून त्याचा हात मोडला तर लागणारा विमा वेगळा. तो त्रयस्थ जबाबदारीचा. छोट्या घोडेवाल्याला बुडवतो तो हाच खर्च, कारण हॉस्पिटलचं एक बिल वर्षाची कमाई खाऊन टाकतं. अपघात झाल्यावर पॉलिसी शोधणं म्हणजे वरातीमागून घोडं. गट केलात तर जनरल इन्शुरन्स कंपनीकडे सगळ्यांच्या नावाने एकत्र कोटेशन मागा, आणि पॉलिसीत "पर्यटकांना घोड्यावर बसवणं" हे काम स्पष्ट लिहिलेलं आहे का ते वाचून घ्या. संस्था म्हणते म्हणून विश्वास ठेवू नका, पॉलिसीची कॉपी मागा.

६. मेंबर झालात तरी हे नियम तुमचेच

संस्थेचं कार्ड दाखवून कायदा टळत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्याखालच्या १९६५ च्या नियमांत ओझं वाहणाऱ्या तट्टूसाठी ७० किलोची मर्यादा दिली आहे. वाहतुकीच्या जनावराला दिवसात ९ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ५ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही. तापमान ३७ अंशांवर जातं तिथे दुपारी १२ ते ३ काम घ्यायचं नाही. हे नियम ओझं आणि गाडी ओढणाऱ्या जनावरांसाठी लिहिलेत, पण पाठीवर माणूस बसवतानाही हीच रेघ धरून चाला. घोड्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याहून जास्त भार नको. म्हणजे २५० किलोच्या तट्टूवर खोगीर धरून ५० किलो. नव्वद किलोच्या पाहुण्याला हसून, हात जोडून "नाही" म्हणायला शिका.

आजाराचंही तसंच. ग्लँडर्स हा घोड्याचा रोग माणसालाही होऊ शकतो आणि तो सरकारला कळवणं बंधनकारक आहे. घोडा विकत घेताना रक्ताची तपासणी झाल्याशिवाय बाजारातून हलवू नका. तपासणीत बाधित निघालेला घोडा मारावा लागतो. गटातल्या एकाने ही हलगर्जी केली तर सहाही तबेले अडचणीत येतात.

जागेचा प्रश्नही आहे. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, म्हणजे पेसा लागू. गावच्या जागेवर घोडे उभे करायचे तर ग्रामसभेला विश्वासात घ्या, जव्हार शहरात नगरपरिषदेला विचारा, आणि वाट जंगलातून जाणार असेल तर वनविभागाची परवानगी लागते. इथे गटाचा अर्ज एकट्याच्या अर्जापेक्षा वजनदार ठरतो, आणि गावातली पोरं गटात असतील तर ग्रामसभेचा विश्वासही लवकर बसतो.

७. गट कसा करायचा?

लगेच संस्था रजिस्टर करायला धावू नका. संख्येप्रमाणे मार्ग बदलतो.

- ४ ते १० जण असाल तर संयुक्त देयता गट, म्हणजे जेएलजी. बँकेच्या कर्जासाठी सोपा. पण एकमेकांच्या कर्जाची जबाबदारी असते, म्हणून माणसं पारखून घ्या.
- बायका पुढाकार घेत असतील तर बचतगट, साधारण १० ते २० जणींचा. गावात आधीच चालू असलेला गट असेल तर उत्तम.
- ७ जण असतील तर १८६० च्या कायद्याखाली सोसायटी नोंदवता येते. आवाज उठवायला, नियम लावायला चांगली. नफा वाटून घ्यायला नाही.
- वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान १० जण असतील तर सहकारी संस्था. हिशोब, ऑडिट, निवडणूक सगळं आलं. धंदा वाढल्यावर विचार करा.

राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ पासून घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांच्या उद्योगासाठीही ५० टक्के भांडवली अनुदान, जास्तीत जास्त ५० लाखांपर्यंत, अशी तरतूद आली आहे. व्यक्ती, बचतगट, जेएलजी, शेतकरी उत्पादक कंपनी यांना अर्ज करता येतो. पण नीट ऐका, सनसेट पॉइंटवर एक घोडा उभा करायला हे पैसे मिळतील असं समजून कर्ज काढू नका. प्रकल्प, जागा, बँकेची तयारी हे सगळं दाखवावं लागतं.

८. फी भरण्याआधी विचारायचे सहा प्रश्न

१. संस्थेचा नोंदणी क्रमांक काय? प्रमाणपत्राची कॉपी दाखवा.
२. फीमध्ये नेमकं काय मिळतं? तोंडी नको, लिहून द्या.
३. विमा आहे तर पॉलिसी कुणाच्या नावाने, किती रकमेची, कधीपर्यंत?
४. मागच्या वर्षीचा जमाखर्च मेंबरला बघायला मिळतो का?
५. माझ्या जवळपास तुमचे किती मेंबर आहेत? त्यातल्या दोघांशी मला बोलायचंय.
६. मेंबरशिप सोडली तर डिपॉझिट परत मिळतं का?

चांगली संस्था या प्रश्नांनी चिडत नाही. चिडली तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

९. मग कुणी काय करावं?

स्पर्धा खेळायची आहे? महासंघाची नोंदणी घ्या, पण आधी एखाद्या चांगल्या प्रशिक्षकाकडे शिकून घ्या. कॉलेजमध्ये असाल तर एनसीसीच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी तुकडीत घोडेस्वारी शिकवतात, कॉलेज निवडताना तशी तुकडी जवळ आहे का ते बघा.

फक्त हौस आहे? वर्षाची फी भरू नका. आधी सुटे आठ-दहा धडे घ्या. त्यानंतरही सकाळी पाचला उठून जावंसं वाटत असेल, तर मेंबर व्हा.

पैदास करायची आहे? जातीच्या सोसायटीत नोंद करा. कागदाचा पैसा वसूल होतो.

जव्हार-मोखाड्यात पर्यटकांना फिरवायचं आहे? घोडा घेण्याआधी अजून तिघे शोधा. चौघांनी बसून दरपत्रक, पाळी, घोड्याच्या सुट्टीचा वार आणि भांडण झालं तर कोण निकाल देणार, हे एका कागदावर लिहा आणि चौघांनी सह्या करा. दर महिन्याला ठरलेली वर्गणी बँकेत टाका, पहिला खर्च विम्याचा करा. तीन महिने हा कागद पाळता आला तर घोडा घ्या. नाही पाळता आला तर घोडा न घेताच तुम्ही वर्षाचे ७३,००० वाचवलेत.

वर दिलेलं गणित तुमच्या गावच्या दरांनी मांडून बघा आणि पुढच्या बॅचला वही घेऊन या. होमस्टेवाल्यांशी कमिशन कसं ठरवायचं, ते पुढच्या व्हिडिओत घेऊ. भेटू!